नोकरीची चिठ्ठी

आमच्या तीर्थरूपांच्या लोखंडी ट्रंकेत, जन्मपत्रिका आणि विम्याच्या पावत्या यांच्यामध्ये, चार घड्यांची एक चिठ्ठी होती. १९५४ सालची. अमळनेरच्या एका सद्गृहस्थांनी ती सुरतेतील आपल्या परिचिताला लिहिली होती. मजकूर जेमतेम पाच ओळींचा. पत्र आणणारा मुलगा मॅट्रिक झालेला असून हिशेबास चोख आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, शक्य झाल्यास त्यास कोठेतरी चिकटवून द्यावे, एवढाच त्याचा आशय. ही चिठ्ठी खिशात घालून तीर्थरूप तापी व्हॅलीच्या गाडीत बसले, नंदुरबार-नवापूर मागे टाकीत उधन्याला उतरले आणि आठव्या दिवशी एका आर्ट सिल्कच्या कारखान्यात कारकून म्हणून रुजू झाले. तेव्हा सुरत मुंबई राज्यातच होती. १ मे १९६० रोजी गुजरात आणि महाराष्ट्र अशी दोन राज्ये झाली आणि जागचे न हलता आम्ही परप्रांतीय झालो.

वाचकांपैकी बहुतेकांच्या घराच्या पायात अशी एखादी चिठ्ठी असेलच. कुणाचे पूर्वज गायकवाडी अमलात सोनगड-व्यारा-नवसारीकडे आले, कुणाचे आजोबा रेल्वेत, कुणाचे वडील शाळाखात्यात. परंतु प्रत्येकाच्या मागे आधी आलेला कुणीतरी होता, आणि त्याच्या शब्दावर पुढच्याला जागा मिळाली. आम्हांला लहानपणी एका गोष्टीचे नवल वाटे. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या धंद्यातून पुढे विप्रो म्हणून जगभर ओळखली गेलेली कंपनी सुरू झाली, ते गाव सोडून तीर्थरूप इतक्या दूर का आले? एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तिथे आपल्या ओळखीचं कुणी नव्हतं." घरापासून हाकेच्या अंतरावरची जागा दिसली नाही, आणि गाडीने एक रात्र लांब असलेली दिसली. नोकरीचे अंतर मैलांत मोजायचे नसते, हे त्या एका वाक्यात आले.

आमची पाळी आली तोवर काळ पालटला होता. १९५९च्या कायद्याने, पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविणे बंधनकारक केले होते. आम्ही पदवी घेऊन तेथे नाव नोंदविले, कार्ड मिळविले आणि ते वेळच्या वेळी नवे करून घेत राहिलो. १९७६ पासून निघू लागलेले रोजगारविषयक सरकारी साप्ताहिक आम्ही वाचनालयात उभ्याने वाचीत असू, आणि 'गुजरातमित्र'च्या छोट्या जाहिराती बोट फिरवून. पण त्या कायद्यात एक मेख होती. जागा कळविणे सक्तीचे होते. कळविलेल्यांतूनच माणूस घेणे सक्तीचे नव्हते. १९७७ साली आम्हांला उधन्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली ती शेवटी समोरच्या गल्लीतील एका पारशी गृहस्थांनी मालकाच्या कानावर घातल्यामुळे. ते गृहस्थ आमच्या घरी कधी आलेले नव्हते. केवळ सकाळी दूध आणताना आमची नजरानजर होई.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या घरात नुकतेच घडले.

आमचे धाकटे चिरंजीव रिंग रोडवरील एका कापड-निर्यातदाराच्या कचेरीत कागदपत्रांचे काम पाहत. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, मालाच्या मूळ देशाचा दाखला, असे ते काम. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली आणि हिऱ्यांबरोबर कापडाच्याही ऑर्डरी अडल्या. दिवाळीच्या तोंडावर कचेरीने माणसे कमी केली, त्यांत चिरंजीवांचे नाव होते. वय छत्तीस, घरी पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि पालच्या फ्लॅटचा हप्ता. आम्ही त्यांना पहिला सल्ला दिला तो असा, की ही गोष्ट मंडळात कुणाला कळता कामा नये. दिवाळीच्या फराळाला चार घरी गेलो, आणि "काम कसं चाललंय?" या प्रश्नाला चारही ठिकाणी "छान" असे उत्तर दिले. हा सल्ला किती महागात पडला ते पुढे येईलच.

चिरंजीव दिवसभर लॅपटॉपसमोर बसून अर्ज करीत. १९९७ साली सुरू झालेली नोकरी डॉट कॉम आणि २००३ साली सुरू झालेले लिंक्डइन ही त्यांची दोन बाजारपेठ. बोटाने एक कळ दाबली की अर्ज जातो. ही सोय ज्याला आहे त्यालाच नव्हे, तर सगळ्या जगाला आहे, हे लक्षात यायला आम्हांला महिना लागला. एकेका जागेखाली शंभराहून अधिक अर्ज आल्याची नोंद दिसे. साठ-सत्तर अर्ज गेले. चार ठिकाणांहून ठरावीक नकार आला, बाकीकडून काहीच नाही. पूर्वी नकार देणारा निदान तोंडावर देई. त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला काहीतरी उमगे. येथे भिंतीवर चेंडू टाकावा आणि तो परतही येऊ नये, असा प्रकार.

मार्गशीर्षात आमची नात, म्हणजे कन्येची मुलगी, सुट्टीत आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. मामाची दशा पाहून ती म्हणाली, "मामा, तू दुकानातल्या पाटीवर शोधतोयस. माणसं काय बोलतायत ते शोध." आणि तिने आम्हां दोघांना समोर बसवून जे शिकविले, ते येथे मांडावेसे वाटते, कारण आमच्या वयाच्या अनेकांच्या घरी आज कुणी ना कुणी काम शोधीत आहे.

तिचे पहिले म्हणणे असे. या समाजमाध्यमांवर नोकऱ्यांसाठी वेगळा कप्पा असतो, आणि लोक जे लिहितात त्याचा वेगळा. पहिल्या कप्प्यात कंपनीने रीतसर टाकलेली जागा दिसते, आणि तिच्यावर सर्वांचीच उडी पडते. पण त्याआधी कित्येकदा त्या कचेरीतला एखादा माणूस सहज लिहून जातो की आमच्याकडे एक माणूस हवा आहे. ते वाक्य दुसऱ्या कप्प्यात पडून असते. तेथे शोधताना निवड 'गेल्या चोवीस तासांतले' किंवा 'गेल्या आठवड्यातले' अशी करून घ्यावी, म्हणजे शिळे गळून पडते.

दुसरे म्हणणे शब्दांविषयी. शोधयंत्राला अर्थाहून अक्षरे अधिक कळतात. चिरंजीवांच्या कामाला त्यांच्या कचेरीत जे नाव होते, त्याच नावाने ते महिनाभर शोधीत होते. नातीने कागदावर यादी केली. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, एक्झिम एक्झिक्युटिव्ह, शिपिंग असिस्टंट, लॉजिस्टिक्स कोऑर्डिनेटर, कस्टम्स ब्रोकरकडील कागदपत्रांचे काम. काम एक, नावे पाच. गावाचेही तसेच. कुणी सुरत लिहितो, कुणी सचिन, कुणी हजीरा, कुणी मगदल्ला. मुख्य कचेरी मुंबईला असली तर जागा हजीऱ्याची असूनही नुसतेच 'मुंबई' लिहिलेले असते. मग तिने लिंक्डइनवर शब्द जोडण्याची रीत दाखविली. दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत घातले की ते जोडूनच शोधले जातात. मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'ऑर' लिहिले की यापैकी कोणताही चालतो. 'नॉट' लिहिले की पुढचा शब्द असलेले वगळले जाते, जसे 'ट्रेनी' किंवा 'इंटर्न'. असा जुळविलेला शोध जतन करून ठेवला की नवी जागा येताच सूचना मिळते. आयुष्यभर खतावणीत आडवे-उभे ताळे जुळविलेल्या आम्हांला ही रीत ताबडतोब आवडली.

तिसरे म्हणणे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले. शिक्षणसंस्थांच्या पानावर तेथील माजी विद्यार्थी कोठे कोठे काम करतात हे पाहता येते. त्यात गाव आणि कंपनी निवडता येते. म्हणजे जागा शोधण्याऐवजी माणूस शोधायचा. आपल्याच महाविद्यालयातून चार वर्षे पुढे-मागे बाहेर पडलेला, आज जहाजवाहतुकीच्या कचेरीत बसलेला माणूस. त्याला नोकरी मागायची नाही. तुमच्याकडे हे काम कसे चालते, माणसे केव्हा घेतात, एवढेच विचारायचे.

याला शास्त्राचा आधार आहे, हे आम्हांला नातीकडूनच कळले. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात अलीकडे नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले होते, की ज्या ओळखीतून नोकरी कळली त्या माणसाला तुम्ही तेव्हा कितीदा भेटत होता? नेहमी भेटणारे सुमारे १७ टक्के निघाले; अधूनमधून भेटणारे ५६ टक्के, आणि क्वचितच भेटणारे २८ टक्के. म्हणजे जिवलगांपेक्षा तोंडओळखीची माणसेच अधिक कामी आली. कारण सरळ आहे. आपल्या जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्याला आधीच ठाऊक असते. वेगळी बातमी वेगळ्या वर्तुळातला माणूस आणतो. पुढे लिंक्डइनवरील सुमारे २ कोटी लोकांच्या पाच वर्षांतील माहितीवर झालेला एक मोठा प्रयोग २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही बेताच्या दूरच्या ओळखीच नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या. फार जवळच्या सर्वांत कमी. आम्हांला दुधाची बाटली हातात घेतलेले ते पारशी गृहस्थ आठवले.

आणि त्याबरोबर आमचे मंडळही डोळ्यांसमोर आले. गणेशोत्सवात तीच घरे, व्याख्यानाला तीच मंडळी, सोयरिकी बहुधा आपसांत. या निकटतेने आपली भाषा राखली, यात शंका नाही. पण तिनेच आपली बातमी थिजवून टाकली. चिरंजीवांची नोकरी गेल्याचे आम्ही जेथे लपविले त्या मंडळात सांगितले असते, तरी फारसे हाती लागले असते असे नाही. परंतु त्या प्रत्येक घराची एखादी दूरची ओळख असतेच, आणि तोंड मिटून आम्ही ती सारी दारे आपणहून लावून घेतली होती. लिंक्डइनवर 'काम शोधीत आहे' अशी खूण आपल्या छायाचित्राभोवती लावता येते. चिरंजीवांनी ती लावली होती. आम्हीच ती काढायला लावली. ती केवळ नोकरभरती करणाऱ्यांनाच दिसावी अशीही सोय आहे, हे ठाऊक नसताना. जो शोधतो त्याने स्वतःही सापडण्याजोगे असावे लागते, एवढी साधी गोष्ट आमच्या अब्रूच्या कल्पनेत बसली नाही.

याच सुमारास आमच्या हातून एक मूर्खपणा घडला, तोही सांगून टाकतो. मदत करावी म्हणून आम्ही गुपचूप आमच्या मोबाइलवर शोध सुरू केला. एका संदेशात बंदरावरील कचेरीत जागा असल्याचे लिहिले होते. पगार चिरंजीवांच्या जुन्या पगाराच्या दीडपट. बोलणारा माणूस मधाळ, आम्हांला 'अंकल' म्हणे. कागदपत्रांची पडताळणी व परत मिळणारी अनामत म्हणून त्याने ३,५०० रुपये मागितले. आम्ही भरले. दोन दिवसांनी गणवेशाचे ४,००० मागितले, तेव्हा आम्ही नातीला सांगितले. तिने रागावण्याऐवजी तीन गोष्टी दाखविल्या. ज्या पत्त्यावरून ई-मेल आली तो त्या कंपनीचा नव्हता, कुणीही फुकट काढावा असा होता. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अशी जागाच नव्हती. आणि तेथे दिलेल्या क्रमांकावर फोन करताच त्यांनी सांगितले की आम्ही कुणाकडूनही पैसे घेत नाही. मग १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली. अशी तक्रार पहिल्या काही तासांत झाली तर रक्कम वाटेत अडविता येण्याची शक्यता असते. आम्ही दोन दिवस लाजेने घालविले होते. पैसे गेले. नोकरीसाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते, हे चाळीस वर्षे हिशेब लिहिलेल्या माणसाला एकाहत्तराव्या वर्षी शिकावे लागले.

तरीही या शोधात आमचाही एक हातभार लागला, तो असा. एका संध्याकाळी नात आणि चिरंजीव फेसबुकवर इंग्रजी शब्द घालून थकले होते. आम्ही सहज म्हणालो, "सुरतेचा माणूस 'व्हेकन्सी' म्हणत नाही. तो 'जोईए छे' म्हणतो." गेली साठ वर्षे आम्ही या गावात वावरतो आहोत. भरतकामाच्या कारखान्यांवर, हिऱ्यांच्या घंट्यांच्या जिन्यात, मार्केटच्या खांबांवर पाटी असते ती 'कारीगर जोईए छे', 'मेहताजी जोईए छे'. नातीचे डोळे चमकले. तिने ते दोन शब्द गुजराती लिपीत घातले, मग रोमन अक्षरांत. आणि रोमनमध्ये प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा निराळी, म्हणून चार-पाच प्रकारे. जोडीला 'एक्स्पोर्ट' आणि 'शिपिंग'. तारखेची चाळणी लावली. आणि अडाजण भागातील एका मालवाहतूक एजन्सीतल्या कुणा गुजराती कारकुनाने सहा दिवसांपूर्वी लिहिलेली दोन ओळींची नोंद वर आली. आमच्या ऑफिसात शिपिंग बिलाचे काम येणारा अनुभवी माणूस पाहिजे. खाली केवळ तीन प्रतिक्रिया. ही जागा कोणत्याही नोकरीच्या संकेतस्थळावर नव्हती.

चिरंजीवांनी आधी त्या एजन्सीचे संकेतस्थळ पाहिले, पत्ता पडताळला, तेथे काम करणारे कोण आहेत ते लिंक्डइनवर पाहिले. त्यांपैकी एक जण त्यांच्या जुन्या कचेरीतील सहकाऱ्याचा परिचित निघाला. सहकाऱ्याला फोन केला. त्याने पुढे एक शब्द टाकला. मग नोंद लिहिणाऱ्या त्या गृहस्थाला शुद्ध गुजरातीत चार ओळी लिहिल्या. तासाभरात उत्तर आले, "काले आवी जाव." उत्तरायणाच्या आठवड्यात, सारे सुरत गच्चीवर असताना, चिरंजीव नव्या कचेरीत रुजू झाले. पगार पूर्वीपेक्षा थोडा कमी आहे. घर चालते.

येथे हा लेख संपला असता. पण रुजू होण्याच्या आदल्या रात्री नातीने आमचाही मोबाइल हाती घेतला. २०१७ साली तिनेच आमचे फेसबुक खाते उघडून दिले होते. त्यावर आम्ही मंडळाच्या कार्यक्रमांची छायाचित्रे पाहतो, वाढदिवसाला शुभेच्छा देतो, एवढाच उपयोग. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे अनोळखी माणसांच्या निरोपांचा कप्पा भरलाय. कधी उघडलाच नाहीत?" असा कप्पा असतो हेच आम्हांला ठाऊक नव्हते. ज्याला आपण मित्र म्हणून जोडलेले नाही, त्याचे निरोप तेथे जाऊन पडतात आणि घंटा वाजत नाही.

त्यात चौदा निरोप होते. दोन-तीन जाहिरातींचे. बाकीचे मुलांचे. अमळनेर, शिरपूर, शहादा, नंदुरबार, आणि कित्येक येथलेच, लिंबायत-दिंडोलीचे. आमच्या नावासमोर आम्ही मोठ्या हौसेने मूळ गाव अमळनेर, राहणार सुरत आणि अमुक कारखान्यातून निवृत्त असे लिहून ठेवले होते. त्या मुलांनी शोधाच्या चौकटीत गावाचे नाव आणि सुरत असे दोन शब्द घातले असणार, आणि आम्ही सापडलो होतो. "काका, सादर नमस्कार. आपण आमच्या तालुक्याचे आहात असे दिसले." "मी आयटीआय केले आहे, डाइंग मिलमध्ये काही असेल तर कळवा." एक निरोप अहिराणीत होता. एक २०२०च्या जूनमधला. टाळेबंदीत काम सुटून गावी गेलेल्या मुलाचा, परत यावे की नाही एवढेच विचारणारा. त्याने पंधरा दिवसांनी पुन्हा एक ओळ लिहिली होती, "काका, घाई नाही."

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. महिनाभर आम्ही ज्या मौनाला नावे ठेवीत होतो, ते मौन आमच्याच खिशात पाच-सहा वर्षे होते. तीर्थरूपांच्या चिठ्ठीत एक गुण होता. ती हातात घेऊन माणूस दारात उभा राहत असे. त्याला पाणी द्यावे लागे, उत्तर द्यावे लागे. नवी चिठ्ठी दारातच पडून राहते आणि घरातल्याला कळतही नाही. पण न कळणे हे आमचे पूर्ण समर्थन होत नाही. लिंबायतच्या मुलांना आपल्या घरांतून 'नवे आलेले' म्हणण्याची एक रीत आहे. ते आमच्याच गाडीने, आमच्याच गावांहून आले. केवळ पन्नास वर्षे उशिरा. ते मंडळाच्या वाचनालयात का येत नाहीत, असा प्रश्न आपण वार्षिक सभेत विचारतो. ते आले होते. त्यांनी दार वाजविले होते ते दुसरे होते, इतकेच.

त्या रात्री आम्ही अकरा जणांना उत्तरे लिहिली. उशिराबद्दल क्षमा मागितली. पाच जणांनी पाहिलेच नाही. तिघांनी नमस्काराची खूण पाठविली. एकाने लिहिले की तो आता वापीला आहे, बरे चालले आहे. २०२०च्या त्या मुलाने लिहिले, "काका, मी तेव्हाच परत आलो. सचिनला सुपरवायझर आहे. तुमच्या कुणाला काम हवं असेल तर सांगा." हे वाचून आम्ही मोबाइल सौ.च्या हातात दिला, तिने चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाली, "त्याला घरी जेवायला बोलवा." तो येत्या रविवारी येणार आहे.

वाचकांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार या प्रकरणात उरलेला नाही. आम्ही आमच्या घरापुरते काय ठरविले ते सांगतो. आमच्या नावापुढे आता केवळ 'निवृत्त' असे नाही. डाइंग-प्रिंटिंग मिलच्या हिशेबाच्या कामाची माहिती देऊ शकतो, असे मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत लिहिले आहे, म्हणजे कोणत्याही अक्षरांनी शोधणाऱ्याला ते दिसेल. दर रविवारी सकाळी चहानंतर तो अनोळखी निरोपांचा कप्पा उघडायचा. काम असेल तर सांगायचे, नसेल तर नाही असे सांगायचे. आणि पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नको, ही ओळ प्रत्येकाला लिहायची. मंडळाच्या फलकावर सत्यनारायणाच्या सूचनेशेजारी एक कोपरा रिकाम्या जागांसाठी ठेवावा, आणि त्याचे छायाचित्र दर आठवड्याला मंडळाच्या फेसबुक पानावर सोबत मजकूर टाइप करून टाकावे, असे आम्ही कार्यकारिणीला सुचविले आहे. मजकूर टाइप करण्याचा आग्रह नातीचा. शोधताना लिहिलेले शब्द सापडतात. छायाचित्रातल्या अक्षरांचा भरवसा नाही, असे ती सांगते.

तीर्थरूपांची चिठ्ठी ज्यांच्या नावे होती त्या सुरतेच्या गृहस्थांविषयी आम्हांला फार थोडे ठाऊक आहे. ते आमच्या जातीचे नव्हते, नात्याचे नव्हते, आणि वडिलांना त्यांनी त्याआधी पाहिलेही नव्हते. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यांनी शिसपेन्सिलीने कारखान्याचे नाव आणि 'सोमवारी सकाळी आठ' एवढेच लिहून दिले होते. आमचे सगळे घर त्या चार शब्दांवर उभे आहे.